चीनचं सफरचंद

आई, परवा इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या घरात, चांगल्या उजेडात, हातात संत्रं असताना मला त्याचं नाव आठवेना. मराठी गेलं, इंग्रजी गेलं, रोज दुकानात वाचते ते जपानी ‘मिकान’ही गेलं. उरलं ते फक्त तू शिकवलेलं.

पुण्यात तुझे जर्मनचे क्लास आपल्या जेवणाच्या टेबलावरच चालायचे. रविवारी तिथेच फळं कापली जायची, पण नाव उलगडल्याशिवाय फोड मिळायची नाही. संत्रं म्हणजे ‘आप्फेलझीने’, चीनचं सफरचंद. डच आणि स्वीडिश लोकही तसंच म्हणतात. चीनकडून जहाजाने आलेलं हे फळ त्यांना नवं होतं आणि सफरचंद तेवढं ओळखीचं. डाळिंब म्हणजे दाण्यांचं सफरचंद. मी एकदा आधीच फोड उचलली तर हातावर चापट मारलीस. “हावरटपणा पुरे. नाव कुठून आलं ते सांग आधी.” त्या चापटीचा राग अजून थोडा आहे.

या खेळामुळेच आम्ही फसलो. तू डाळिंबाला ‘ते दाण्यांचं’ म्हणायला लागलीस, कंगव्याला ‘केसांचा काटा’, आणि बाबा हसायचे, “झाली हिची जर्मन सुरू!” मीही हसायचे, वर आणखी शब्द विचारायचे. वर्षभर आम्ही तुझ्या आजारावर टाळ्या वाजवल्या. मग एका दुपारी तू माझ्याकडे बघतेस आणि बाबांना हळूच विचारतेस, “ही चहा आणणारी मुलगी कोण हो?” त्या दिवशी कोणी हसलं नाही.

परवा मी लेकीला म्हटलं, “हे चीनचं सफरचंद सोलून देऊ?” ती बारा वर्षांची आहे, तुझा खेळ मीच तिला शिकवलाय. “आई, मता कुइझु?” पुन्हा कोडं का, म्हणून ती खिदळली. “हो, ओळख बघू,” मी म्हणाले. तिने ओळखलं आणि मला शब्द परत मिळाला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तुला सुरू झालं त्या वयाची मी पुढच्या वर्षी होईन. म्हणून आज दवाखान्यात गेले. इथे डॉक्टरांना भेटण्याआधी एक कागद भरावा लागतो. काय विसरते, कधीपासून, सगळं खरं लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, आईवडिलांपैकी कोणाला विसरण्याचा आजार होता का?

हे पत्र मी नवऱ्यालाही दाखवणार नाही. मी ‘नाही’वर खूण केली, आई, आणि खाली सही केली.