सत्याऐंशी किलोंचा नवस

धायरी, पुणे
बुधवार

तीर्थस्वरूप सोजरआक्का हिच्या पायांशी धाकट्या सर्जेरावाचा साष्टांग नमस्कार.

आक्का, या खेपेचा साष्टांग खराखुरा आहे बरं का! गेली बारा वर्षं पत्रातून तुला घालत आलो ती निव्वळ थाप होती. जमिनीला पोटच तेवढं टेकायचं, कपाळ आणि गुडघे अधांतरी. काल देवघरापुढं घालून बघितला, तर आठही अंगं टेकली! तुझी भावजय आनंदी धावत आली, तिला वाटलं मी पडलो. सत्याऐंशी, आक्का, सत्याऐंशी! एकशे सहावरून सत्याऐंशी! पण थांब, आधी रीतीनं विचारतो. तुझी तब्येत बरी आहे ना? गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? डोळ्यांचं विचारत नाही, विचारलं की तू विषय बदलतेस. इकडं आम्ही सगळे खुशाल. पत्र दूधवाल्या गेनबाच्या हाती पाठवतोय, तो रोज तुमच्या पानशेतहून येतोच. शेजारची शकू अंगणवाडीत शिकवून आली की तिच्याकडून वाचून घे. (शकूबाई, कंसातलं सगळं फक्त तुझ्यासाठी. ते मनात वाचायचं, ओठसुद्धा हलवायचे नाहीत.)

फोन का केला नाही म्हणशील. अगं, फोन उचलला की तुझं पहिलं वाक्य ‘जेवलास का?’ आणि तुझ्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. ‘नाही’ म्हटलं की तू रडणार, मग मी रडणार, मग मी जेवणार! प्रत्यक्ष भेटायला यावं, तर ताट वाढल्याशिवाय तू उंबरा ओलांडू देत नाहीस. म्हणून पाच महिने तुझ्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. राग धरू नकोस.

आता मूळ गोष्ट. तुला पाठ आहे, पण शकूला कळावी म्हणून लिहितो. गेल्या श्रावणात माझ्या छातीत कळ आली आणि मला दवाखान्यात नेलं. तू बाहेर बाकड्यावर बसून भैरोबाला नवस बोललीस, की भाऊ पायांनी चालत घरी आला तर त्याच्या भारंभार, म्हणजे त्याच्या वजनाइतका, गूळ देवाला देईन. नेमकं त्याच वेळी आत नर्सबाईंनी मला काट्यावर उभं केलं होतं. एकशे सहा! आक्का, तो आकडा तुला बाहेर ऐकू आला असता तर तू पाच नारळांवर भागवलं असतंस. मी चालत घरी आलो, देवानं आपलं काम केलं. मग तू हट्ट धरलास. गूळ माझ्या कष्टाचाच हवा, गोधड्या शिवून घेईन, भावाचा छदाम शिवणार नाही, आणि नवस फिटल्याशिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशनही करणार नाही. मी हातापाया पडलो, तर म्हणालीस, ज्याचा नवस त्यानंच फेडायचा, नाहीतर देव उलटतो. बरं, मला डॉक्टरांनी सांगितलं की वजन पंच्याण्णववर आणा. मी आणलं ते फक्त डॉक्टरांच्या धाकानं. नवसाचा यात काडीचाही संबंध नाही. (शकू, हे वाक्य ठासून वाच. शक्य तर दोनदा.)

पहिला प्रयोग सोसायटीतल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी सांगितला. आपलं खालचं वावर होतं ना, त्यावर सात मजली इमारत झाली, तिथली ही मंडळी. दिवसातून दोनदाच जेवायचं, पाऊण तासात उरकायचं, मधे पाण्याशिवाय काही नाही. मला वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं! आपण शेतकरी माणसं, दहा मिनिटांत ताट पुसून मोकळे. आता पाऊण तास हक्काचा मिळालाय, तर तो वाया का घालवायचा? समोर घड्याळ ठेवून बसलो. आनंदी थापते आहे, मी खातो आहे. चाळिसाव्या मिनिटाला तिनं परात पालथी घातली आणि पीठ संपल्याचं जाहीर केलं. मग आलं भावकीतल्या हिंदुरावाच्या पोरीचं लग्न. पंगतीत बसलो, घड्याळ लावलं, जिलबीचा पहिला घास तोंडात, तोच माइकवरून मान्यवरांचे सत्कार सुरू झाले आणि पहिलं नाव माझंच! टोपी घातली, टॉवेल-नारळ दिला, आणि उरलेल्या बावीस मान्यवरांसाठी टाळ्या वाजवत मला तिथंच उभं केलं. परत येऊन बघतो तर तीन मिनिटं उरलेली. तीन मिनिटांत अकरा जिलब्या गेल्या, आक्का, आणि त्या नारळासकट मी तसाच मैनुद्दीनच्या वखारीत गेलो.

आपला मैनुद्दीन, शाळेतला, कांदा-बटाट्याची वखार असलेला. घरातला काटा शंभराच्या पुढं मान टाकतो, म्हणून दर शुक्रवारी मी त्याच्या पोत्यांच्या काट्यावर चढतो. तो कपड्यांचं अर्धा किलो बारदान म्हणून वजा करतो आणि आकडा हमालांना ऐकू जाईल असा ओरडतो. त्या दिवशी ओरडला, एकशे आठ! वर म्हणाला, सर्जा, पावसात भिजलेला कांदा पण एवढा चढत नाही.

दुसरा प्रयोग त्याच्याच सुनेनं, जरीनानं, मोबाइलवर दाखवला. भात, भाकरी, गूळ, साखर बंद. मटण, अंडी, तूप पाहिजे तेवढं! मी तिथंच पोरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. घरी येऊन आनंदीला सांगितलं, तर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पुढं ठेवलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि अंगावर नवस असेतोवर रविवार भैरोबाचा. मटणाला उरले बुधवार आणि शुक्रवार. बरं, बाकीचे पाच दिवस काय करायचं? आनंदी म्हणाली, भात-भाकरी बंदच आहे ना, मग उपासच धरा की, तेवढंच पुण्य. आणि आपल्या घरातला उपास तुला ठाऊक आहे! साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ती माझी आठवड्यातून पाच वेळा यायला लागली. शुक्रवारी मैनुद्दीन काही ओरडलाच नाही. माझ्याकडं बघून नुसता ‘या अल्लाह’ म्हणाला.

मग मात्र मी घाबरलो. आनंदीनं मला शनिवार पेठेत नीरजाबाईंकडं नेलं. आहार सांगतात त्या. दारावर पाटी आहे, ‘वजन का वाढले हे सांगू नये. आम्हांला ठाऊक आहे.’ तिच्याखाली दुसरी, ‘मी तर काहीच खात नाही, असे म्हणावयाचे असल्यास चप्पल काढण्याचे कष्ट घेऊ नयेत.’ मी चप्पल काढली. बाईंनी विचारलं, आपलं वीस वर्षांपूर्वी वजन किती होतं? म्हटलं, बहात्तर. काय खात होतात? म्हटलं, भाकरी, पिठलं, मेथी, ताक. आणि करत काय होतात? म्हटलं, नांगरट, खुरपणी, उसाला पाणी. आता काय करता? म्हटलं, बिल्डरनं दिलेल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसतो. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, मग जमीन विकलीत तेव्हा तिची भूकही विकायची होतीत. ती कशाला ठेवून घेतलीत?”

आक्का! चाळीस वर्षं शेती केली, पण असं उभं कुणी कापलं नव्हतं. कागदावर लिहून दिलं काय, तर दोन वेळा दीड-दीड भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक, सातच्या आत रात्रीचं जेवण आणि रोज तासभर चालणं. आई गेल्यावर डोक्यावर पाटी घेऊन तू बांधावर मला हेच आणून द्यायचीस की! तेव्हा तू चौदा वर्षांची आणि मी सात. ते जेवण आता फी भरून, रांगेत बसून, टाइप केलेल्या कागदावर मिळालं. पण गुण आला, आक्का! झरझर उतरलो! एकशे सहा, एकशे दोन, अठ्ठ्याण्णव! अंगठी आपोआप निघाली, पट्ट्याला खिळ्यानं चार नवी भोकं पाडली. पंच्याण्णव झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, बास. एक्क्याण्णवला नीरजाबाई म्हणाल्या, आता आवरा. मी म्हटलं, सत्याऐंशी पाहिजे. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. (शकू, तू तरी कळलं नाही असं तोंड कर.)

इकडं गावात मात्र वणवा पेटला. नवसाचा गूळ शेवटी प्रसाद म्हणून घरोघरी जाणार ना! मी उतरायला लागलो तशी गावाची काळजी वाढली. पारावरचे म्हातारे म्हणायला लागले, सर्ज्या, द्येवाचा गूळ चोरतोयस. नवस बोलला तवा एकशे सहा हाय म्हणजे एकशे सहाच, आता वाळून कसं चालंल? मग सुरू झालं कारस्थान. कुणाकडून पुरणपोळ्या, कुणाकडून पेढे, आणि स्वतः गुरवाकडून डिंकाचे लाडू! ‘आजारातून उठलाय, जपा,’ असं म्हणून दारात डबा ठेवून पळायचे. गेल्या महिन्यात एकशे चाळीस पुरणपोळ्या आल्या, आक्का. आनंदी सोसायटीत वाटून वाटून थकली. आता तिसऱ्या मजल्यावरची माणसं पंच्याण्णवच्या बाहेर गेलीत. (मी त्यातली एकही खाल्ली नाही. दोन खाल्ल्या. शकू, मोठ्यानं वाचू नकोस.)

शेवटी मी म्हटलं, भांडण कशाला, देवालाच विचारू. गेल्या रविवारी कौल लावला. भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पारड्यात बसेन त्या दिवशीचं वजन, डावं पडलं तर दवाखान्यातलं. सगळं गाव डोळे फाडून बघत होतं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, ते शेजारच्या बाईला ऐकू गेले. अर्धा तास काही नाही. आणि मग उजवं पडलं, आक्का! उजवं! मी देवळात नाचलो! बासष्टाव्या वर्षी, लोकांसमोर, पट्ट्याला चार भोकं पाडून! गुरवानं हार मानली नाही. म्हणतो, पारड्यात आंघोळ करून ओलेत्यानं बसायचं असतं. डाव ओळखलास ना? ओल्या धोतराचं दीड किलो! पण काटा मैनुद्दीनचा आहे, आणि तो म्हणतो, ओलं धोतर हे बारदान, वजा करीन.

असो. फार लिहिलं. पोटात काही नसलं की हात चालतो. तुझ्या आशीर्वादानं हलका झालेला, तुझ्या धाकात अजून तेवढाच जड असलेला,
तुझा धाकटा,
सर्जेराव

ता. क. १. नवस फेडायला चैत्रातल्या जत्रेची वाट बघू नकोस. येत्या रविवारीच ये. गुरवाला विचारलंय, भैरोबाला कुठलाही रविवार चालतो. मी अजून दोन महिने दम धरू शकत नाही, हे तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. गेनबाचा टेंपो रविवारी सकाळी तुझ्या दारात येईल. तुझ्या हातच्या पुरणपोळ्या आण, पण मी पारड्यातून उतरेपर्यंत डबा मैनुद्दीनच्या ताब्यात राहील.

ता. क. २. हे शकूसाठी. शकू, आनंदीला तू फोनवर सांगितलंस ना, की रोज सकाळी अंगणवाडीत जाण्याआधी तू आक्काला वीस सुयांत दोरा ओवून ठेवतेस, कारण तिला आता नेढं दिसत नाही. टोचून टोचून तिची बोटं सुजलीत, आणि दिवाळीपासून गूळ पुढं सरकत नाही, माजघरात आठ ढेपा आणि वर सात किलो फुटका गूळ, तिथंच अडकलाय. आठ ढेपा म्हणजे ऐंशी. ती काही वर चढत नव्हती, म्हणून मी खाली आलो. हे तिला सांगू नकोस. मोठ्यानं वाचलं असशीलच. वाचलंस तर वाचलंस.

ता. क. ३. आक्का, आता रडू नकोस, ऐक. रविवारी नवस फिटेल, सोमवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. तारीख घेतली आहे. आणि मीही भैरोबाला बोलून बसलोय, आक्काला सुईचं नेढं दिसायला लागलं तर तिच्या भारंभार गूळ देईन. ज्याचा नवस त्यानंच फेडायचा, तेव्हा मधे बोलायचं काम नाही. पण आनंदी म्हणते, तू जेमतेम अडतीस किलो भरशील. एवढ्याशा गुळात मी गावाला तोंड कसं दाखवू? पारावरचे म्हातारे माझी सालटी काढतील. म्हणून या पत्रासोबत गावानं मला पाठवलेले डिंकाचे सगळे लाडू पाठवतोय. रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर म्हशीचं दूध. भात-भाकरी, तूप-गूळ, सगळं चालेल, घड्याळ लावायचं नाही. आणि शकू, हे मात्र मोठ्यानं वाच.

आक्का, जेवलीस का?