माझा अ‍ॅप्रन, त्यांचं दुकान

३ मार्च, सकाळी
आणि वर तोंड करून विचारतात, अनुभव कसा होता, पाच तारे द्या! तारे डोळ्यांपुढे चमकवीन तुमच्या, चोरांनो. कमरेला बटणाने टॉवेल लावलेला अ‍ॅप्रन पहिल्यांदा मी शोधून काढला. सहा वर्षं ह्या कंपनीच्या खरेदीच्या अ‍ॅपवर विकतेय. आता कंपनीने तसाच शिवून घेतलाय आणि सगळ्यात वर टांगलाय. माझा शोधता शोधता बोट झिजतं. मी डावरी, म्हणून माझा टॉवेल डावीकडे. त्यांचाही डावीकडे! कंपनीला कधीपासून डावा हात फुटला?

४ मार्च
ह्यांनी पेपरातून वाचून दाखवलं. नवा कायदा आलाय. बड्या कंपन्यांनी आपल्या अ‍ॅपवर स्वतःचाच माल पुढे रेटायचा नाही. तक्रारीसाठी सरकारने स्पर्धा ऑफिस उघडलंय. म्हणजे कायदा माझ्यासाठीच केलाय. आठ दिवसांत कंपनीची घाबरगुंडी उडेल. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, आधी चहा टाक.

६ मार्च
स्पर्धा ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. साहेब टकले, पण ऐकून घेतात. म्हणाले, बाई, पुरावा आणा. म्हटलं, पोत्याने आणते. चौथी नापास असले तरी पुरावा म्हणजे काय ते कळतं मला.

७ मार्च
पुराव्यासाठी कंपनीचा अ‍ॅप्रन मागवला. रंग सहा, म्हणून सहा. धाकट्या जावेला चार मागवायला लावले. गल्लीतल्या बायकांनाही एकेक. त्या म्हणाल्या, त्यापेक्षा तुझाच घेतो की. म्हटलं, अक्कल गहाण टाकलीय का? केस त्यांच्यावर, तर माल त्यांचाच नको?

१२ मार्च
दाराशी खोक्यांचा ढीग. पुरावा भक्कम. शिवण कच्ची आहे. खिसा बरा आहे. बरा म्हणजे, ठीक.

१५ मार्च
अ‍ॅप उघडलं. कंपनीच्या अ‍ॅप्रनवर लाल पट्टी: 'तुमच्या भागात सर्वाधिक मागणी'. माझा पार तळाला. जाऊ म्हणाली, ताई, ही मागणी आपणच केली ना? चार यत्ता जास्त शिकलीय, म्हणून तोंडाला येईल ते बोलते.

१८ मार्च, सकाळी नऊ
अ‍ॅप सोडलं. कायमचं. त्यावरचं माझं दुकान बंद केलं. बघू किती गिऱ्हाइकं रडतात.

दुपारी दोन
फोन चालू आहे का ते ह्यांना दोनदा तपासायला लावलं. चालू आहे.

चार वाजता
दुकान उघडलं. घाबरून नाही. एकदम सोडलं तर कंपनी सावध होईल.

२५ मार्च
खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवली. साहेबांनी ती बघितली आणि कपाळ धरलं. कंपनीचं उत्तर आलंय म्हणे. लिहिलंय, लोकांना आमचाच अ‍ॅप्रन आवडतो, खुद्द तक्रारदार बाईंनी सहा घेतले. निकालाला दोन वर्षं लागतील. म्हटलं, तोवर मी काय करू? म्हणाले, दुसऱ्या अ‍ॅपवर जा. ते अ‍ॅप ह्याच कंपनीने गेल्या वर्षी गिळलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. बघा, तपास माझ्याच जोरावर चाललाय.

२ एप्रिल
पंधरा दिवसांत एक ऑर्डर नाही. हे शिलाई मशीनवर पेपर ठेवायला लागले. रद्दीचं कपाट आहे का ते? उचलायला लावला. संध्याकाळी परत तिथेच.

५ एप्रिल
कंपनीचा मेसेज. आले की नाही वळणावर! तुमचा हात चांगला आहे, आमचे अ‍ॅप्रन तुम्हीच शिवून द्या, म्हणतात. अ‍ॅप्रनवर चिठ्ठी त्यांच्या नावाची लागणार, माझं नाव कुठेच नाही. आणि तक्रार मागे घ्यायची. हे म्हणाले, अगं, पिंजऱ्यात आपल्या पायाने जाऊ नकोस. ह्यांना काय कळतंय! आत शिरल्याशिवाय शत्रूचं बिंग फुटत नाही. 'मान्य आहे' दाबलं. शेजारी दुसरं बटण नव्हतंच.

६ एप्रिल
आज कंपनीला चांगलं खडसावून लिहिलं. शिवून देईन, पण माझी मशीन रिकामी ठेवलेली खपवून घेणार नाही. कापड कधी पाठवताय, ते गुरुवारपर्यंत कळवा.