रंग जरा लाइट करा

४ जुलै, पेण
रोह्याचे शेठ येऊन गेले. दरवर्षी गौरीचे मुखवटे आमच्याच कारखान्यातून नेतात. यंदा बाबांपुढे मोबाइल धरला. मालिकेतली ती नटी, देवीच्या वेषात. "चेहरा असाच पाहिजे. आणि रंग जरा लाइट करा. बायका हाच मागतात." बाबा हो म्हणाले. मी धुतलेला ब्रश परत धुतला.

७ जुलै
मालिका मुद्दाम पाहिली. सावळ्या मुलीची कर्मकहाणी. नटी मुळात गोरी, वरून रंग फासलाय. कानामागे संपतो. मला दिसणारच, दिवसभर तेच काम. स्वप्नात ती देवी होते, तेव्हा रंग उतरवतात. म्हणजे रडायला सावळी, पूजेला गोरी! आई पदराने डोळे पुसत होती. आई माझ्याहून सावळी.

१५ जुलै
नवा साचा आला. नाक सुरीसारखं, गाल नाहीतच. जुना साचा आजोबांनी आत्याच्या चेहऱ्यावरून केलेला, तिच्या लग्नाच्या वर्षी. रुंद नाक, भरलेले गाल. बाबा म्हणाले, जागा अडते, गणपती झाले की फोडून टाकू. सहज म्हणाले. सख्ख्या बहिणीचं तोंड. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

२३ जुलै
आत्या रोह्याहून आली. फळीवरचे नवे मुखवटे बघत उभी राहिली. "माझी सुट्टी झाली की गो." मग हसत बाबांना म्हणाली, "सासू वर्षभर मला काळी म्हणून टोचायची, नि गौरी आल्या की माझ्याच पाया पडायची. मेली तरी कळलं नाय तिला." सगळे हसले. बाबाही. मग उगाच बाहेर गेले.
मला हसू येईना. अजून येत नाही.

३० जुलै
शेठचा फोन, अजून लाइट. बाबांनी रंगात पांढरा ओतला. आमचा हळदीत तांबडी काव घातलेला रंग, आजोबांपासूनचा. मी म्हटलं, डोळे मी आखणार नाही. बाबांचा हात आता कापतो, आखणी माझ्याकडेच. "मग आंधळ्या पाठवू गौरी?" म्हणाले. रात्रभर तेच डोक्यात. गौरीने काय केलंय. पण…

५ ऑगस्ट
आखले. आजोबांनी शिकवलेलं, रागात डोळे आखायचे नाहीत, राग त्या डोळ्यांत उतरतो. थांबून पाहिलं. देवाचं नाव घेतलं. राग नाही गेला.
बाबांनी एक मुखवटा उजेडात धरला. "ही कोणावर डोळे वटारतेय गो?"
पुसून परत आखू का, विचारलं. त्यांनी मुखवटा फळीवर ठेवला, तोंड दाराकडे करून. जाताना म्हणाले, जुना साचा जाग्यावर दिसत नाही तो.
माझ्या खाटेखाली आहे. सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही.
शेठचा टेम्पो उद्या सकाळी.