भिंतीपलीकडची फांदी

३१ डिसेंबर, जळगाव

बागेचं वर्ष कसं गेलं ते लिहायला बसले. मोगरा उन्हात करपला. जामनेरहून आणलेला गुलाब मात्र जगला, शेवंती आत्ता कुठे बहरली. आणि जास्वंद? इतकी कधीच फुलली नव्हती. फुलणारच. तोडतंय कोण?

शेजारच्या अक्का रोज पहाटे भिंतीपलीकडून आकडीने फांदी ओढायच्या, देवासाठी फुलं न्यायच्या. मी खिडकीतून ओरडायचे, "अक्का, कळ्या तरी सोडा!" संक्रांतीनंतर त्या धुळ्याला मुलाकडे राहायला गेल्या. तेव्हापासून फुलं झाडावरच मिटतात आणि भिंतीपलीकडे गळून पडतात.

आज त्यांच्या घरातली नवी भाडेकरीण म्हणाली, "काकू, ती फांदी छाटा ना. आमच्याकडे रोज कचरा होतो."

कचरा! भांडायला हवं होतं मी. अक्कांशी इतकी वर्षं भांडले, हिला मात्र 'बरं' म्हणाले. कात्री घेतली आणि फांदी छाटली.

आणि नेमका संध्याकाळी अक्कांचा फोन. "आठे बठ्ठं इकत लेनं पडस वं, फूल बी." धुळ्यात सगळं विकत घ्यावं लागतं म्हणे, फूलसुद्धा. मग म्हणाल्या, "मनी फांदी शे ना?"

माझी फांदी आहे ना, म्हणे! झाड माझं, भिंत माझी. एरवी केवढी चिडले असते.

फांदी समोर पायरीवर पडली होती, उद्याच्या कळ्यांसकट.

"शे, अक्का," मी म्हटलं. "शे."