दहा गुंठे झुकिनी

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

झालं! नात्यातल्या लग्नासाठी आम्ही दोघं देवळ्याला माझ्या माहेरी काय गेलो, इकडे झुकिनीचे दुधी झाले. निघताना आत्याबाईंना सांगून गेले होते — रोज सकाळी तोडायची, वीतभर झाली की लगेच. सासूला सांगायचं म्हणजे किती नरमाईनं सांगितलं असेल मी! त्यांनी एकही तोडली नाही. "येवढी कवळी कशाला तोडायची? भरू दे की अंगानं. पळून चालली का ती?"

एकेक दंडाएवढी झालीय. आत्याबाईंनी जन्मभर भोपळे, दोडकी वाढवली. लहान फळ तोडणं त्यांच्या जिवावर येतं.

१८ नोव्हेंबर

शहरातल्या द्वारका चौकातून अब्बासभाई टेम्पो घेऊन आले. आमचा माल मुंबईच्या हॉटेलांना तेच पोचवतात. एक झुकिनी उचलून खांद्यावर गदेसारखी धरली आणि हसत सुटले. "भाभी, हॉटेलवाल्याला कवळी पाहिजे. ही घेऊन गेलो तर मलाच फोडणीत टाकतील!" मीही हसले. टेम्पो रिकामा वळला तेव्हा मात्र डोळे भरून आले.

आणि वर आत्याबाई — "चंपाषष्ठी झाली की उपटून टाकू. मेथी लावू. घरात जे कोणी खात नाय ते रानात कशाला?"

आणि हे (इथेसुद्धा नाव लिहवत नाही!)? आईपुढे ह्यांचं तोंड उघडतं ते जेवायलाच. पण ते दहा गुंठे माझे आहेत. शेतीच्या प्रदर्शनात त्या परदेशी भाजीचं बी मी पाहिलं, मी हट्ट धरला. लग्न होऊन आल्यापासून या घरात माझ्या मनासारखी झालेली ती एकच गोष्ट. मी नाही उपटू देणार. घरात कोणी खात नाही ना? खायला लावते!

१९ नोव्हेंबर

थालीपीठ. झुकिनी किसली, मीठ लावून पिळली — काय पाणी सुटतं! त्याच पाण्यात भाजणी भिजवली. तीळ, ओवा, हिरवी मिरची. ह्यांनी मागून मागून खाल्लं. आत्याबाईंनी एक तुकडा मोडला. "काकडीचं हाय का?" नाही म्हटल्याबरोबर ताट सरकवलं.

२० नोव्हेंबर

पीठ पेरून भाजी. फसली! मीठ आधी टाकलं, पाणी सुटलं, त्यात बेसन — सगळं पिठलं. शेजारच्या कुसाबाई आल्या, चव घेतली, "पिठलं झकास झालं गं," म्हणून वाटीभर घेऊन गेल्या. मी कशाला बोलतेय!

२१ नोव्हेंबर

भजी. परात रिकामी. आत्याबाई म्हणाल्या, भजी काय, लोक कशाचीबी खात्यात. खरंच आहे ते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज आत्याबाईंबरोबर दोडक्याच्या मांडवाखाली. जुन्या लुगड्याची चिंधी टराटरा फाडली आणि एका दोडक्याच्या देठाला बांधली. तो बियाला सोडला. चिंधी दिसली की त्या फळाला घरातलं कोणी हात लावत नाही. "सगळ्यात चांगलं असंल तेच ठेवायचं," म्हणाल्या. "वंगाळ कोण परत लावतं?"

घरी आल्यावर ह्यांना हळूच विचारलं, झुकिनीचं बी धरता येईल का? तर म्हणे, हायब्रीड आहे, पाकिटावरच लिहिलंय, धरू नका म्हणून. उठून चहा ठेवला.

२५ नोव्हेंबर

जमलं! जमलं!

वांग्याचं भरीत म्हणजे आत्याबाईंचा जीव की प्राण. पण आषाढीपासून त्यांचं वांगं बंद, कांदा-लसूण बंद, ते थेट चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य होईपर्यंत. बिचाऱ्या! आज सकाळी झुकिनीला तेल चोपडून सरळ चुलीच्या आरात खुपसली. साल काळी झाल्यावर सोलली, बिया काढल्या, ठेचून चाळणीत निथळत ठेवली. भाजलेली मिरची, दाण्याचा कूट, कोथिंबीर, वरून हिंगाची फोडणी.

वासाबरोबर आत्याबाई ओट्यावरून आत. "आगं, वांगं भाजलं का काय? पाप लावती का मला!" झुकिनी आहे म्हटलं. बाजरीची भाकरी मोडली, खाली मान घालून जेवल्या. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पातेलं पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "वांग्याची सर नाय." मग पातेलं काय मांजरानं पुसलं? मला स्वयंपाकघरात फुगडी घालावीशी वाटली.

२९ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

रोडगे, वांग्याचं भरीत. तळी भरली, भंडारा उधळला. घर पिवळंधमक! आत्याबाईंनी इतक्या महिन्यांनी वांगं तोंडात घातलं आणि डोळेच मिटून घेतले. माझ्या भरिताची कोणाला आठवणसुद्धा नाही.

जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "छाया, विळा काढून ठेव. सकाळी झुकिनीत जायचंय." हो म्हटलं. खूप वाईट वाटतंय. आणखी काय लिहू?

३० नोव्हेंबर

उठेपर्यंत आत्याबाई रानात पोचल्यासुद्धा. धावत गेले. झुडपं सगळी उभी! पाटीत कोवळी झुकिनी देठ ठेवून कापलेली, एकूण एक वीतभरच. आणि बांधाकडच्या झुडपात सगळ्यात जाड झुकिनीच्या देठाला त्यांच्या लुगड्याची चिंधी.

मागून हे आले. बघतच राहिले. "आईला सांगू का, याचं बी धरता येत नाही?"

म्हटलं, "खबरदार!"