बुवाच्या तीन रेकॉर्डी

३ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून म्हणशील, आज सूर्य कुठे उगवला? कारणच तसं आहे. आमच्या बँडच्या पहिल्या तीन, एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डी एक कंपनी पुन्हा काढते आहे, एकाच मोठ्या तबकडीवर. सायकलवाल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझी पांघरुणं भिंतींना टांगून आम्ही जे ठोकलं होतं, तेच. त्याला म्हणे सायकेडेलिक रॉक म्हणतात. तेव्हा शंभर प्रतीही खपल्या नाहीत. आता ऐकणारे म्हणतात, टेपची ती घरघर आणि ती भोवळ आणणारी गिटार, हेच खरं सोनं.

बाकीच्यांच्या सह्या झाल्या. गाणी आपल्या मधल्या बुवाची, म्हणून त्याची सही हवी. त्याला जमत नसेल, तर त्याची पालक म्हणून तू केलीस तरी चालेल. कागद सोबत आहेत.

लिफ्टदुरुस्तीच्या कामातून सवड झाली की येतोच. रागव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

नऊ वर्षं तू सवड शोधतो आहेस. हरवली असेल तर सांग, मीही शोधू लागते.

बुवा बरा आहे, म्हणजे होता तसाच. सकाळच्या गोळ्या, मग खिडकीजवळची खुर्ची. दिवसाकाठी चार वाक्यं बोलला, तर तो दिवस मी चांगला धरते. दुपारी चष्म्याच्या दुकानातून धावत घरी येते, जेवला की नाही बघायला.

मला ती शेड सोनं वाटत नाही रे. तिथेच तो स्वतःला कोंडून घ्यायला लागला. तिथेच त्याला भिंतींतून माणसं बोललेली ऐकू यायला लागली, आणि तुम्ही म्हणालात, वा, काय सुचलंय! त्याचं दुखणं तुम्ही तालावर बसवलंत. डॉक्टरांकडे त्याला मी एकटीने नेलं. तू तेव्हा दुसऱ्या बँडबरोबर दौऱ्यावर.

त्याच्या वतीने मी सही करणार नाही. आधी त्याला ऐकू दे, मग त्यालाच विचारीन.

वेळेवर जेवत जा. चिडले तरी तुझीच,

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हत्यारांच्या पिशवीत घेऊन आठवडाभर फिरलो. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तिसऱ्या रेकॉर्डीआधी बुवा मला म्हणाला होता, की त्याला फार भीती वाटते, घरी सांग. मी त्याला म्हटलं, ती भीती गाण्यात घाल. त्याने घातली. तिसरं गाणं तेच. घरी मी काही बोललो नाही.

कंपनीने नमुन्याची रेकॉर्ड दिली आहे, ती पाठवतो. माझ्याच्याने ती पुरती ऐकवली नाही.

तुला चालत असेल तर अजून तुझाच,

धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

शेजारच्या मास्तरांकडून प्लेअर मागून आणला आणि रविवारी बुवाला रेकॉर्ड ऐकवली. पहिल्या दोन गाण्यांना त्याचा पाय हलत होता. तिसरं लागलं तसा थांबला. कोण मुलगा गातोय, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, अरे, तूच. लहान मुलाची समजूत घालावी तसा हसला. म्हणाला, आवाज चांगला आहे, पण पोरगा घाबरलाय, त्याच्या घरी कोणी नाही का?

मी म्हटलं, बहीण आहे, भाऊ आहे. मग ते कुठे आहेत, असं विचारून तो माझ्याकडे बघत राहिला.

सहीचा कागद त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि बाजूला सारला. हे त्या पोराचं आहे, त्याला विचारा, म्हणाला. तेव्हा कागद सहीविनाच परत पाठवते. कंपनीला काय सांगायचं ते सांग.

तू जे लिहिलंस, त्यावर मी काही बोलत नाही. मलाही दिसत होतंच की, आणि मीही उशीरच केला.

आज चहा पिताना बुवाने आपणहून विचारलं, त्या पोराच्या घरचं कोणी आलं का. मी सांगून बसले आहे, की भाऊ निघालाय.

मला खोटं पाडू नकोस.

ताई