पाइपवरचे ठोके

२३ जुलै, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. बाबा बरे आहेत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं धीराने वाचाल. खालच्या खोलीत माझ्या पलंगावर आहेत. सकाळी वाटीभर सूप घेतलं आणि मीठ कमी म्हणून माझा उद्धार केला. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे.

उकाडा तसाच आहे. जुलैतही संध्याकाळी स्वेटर शोधणारं आपलं गाव. इथली घरं ऊब धरून ठेवायलाच बांधलेली, ती आता ऊब सोडता सोडत नाहीत. डांबर चपलांना चिकटतं. पंखा मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, "हीटर देऊ का? स्वस्तात लावतो." हसले, पण रडूच यायचं बाकी होतं. गुरुवारपासून आणखी वाढणार म्हणतात.

मला काम खूप आहे. सगळ्या गल्लीला एकदम जाड पडदे हवेत. गेला आठवडा मी पडदेच शिवले. बाबांच्या खिडकीला तेवढा शिवला नाही.

तुम्ही लिहिलंय, "तू होतीस म्हणून बाबा वाचले." हॉस्पिटलातही हेच, शेजारचा बेकरीवालाही हेच म्हणतो. तुमचं वाक्य वाचलं आणि पत्र पालथं घातलं. कालपासून तसंच आहे.

वन्सं, आमचा अबोला होता.

माळ्यावरच्या खोलीच्या खिडक्या बाबांनी स्वतःच बुजवल्या होत्या, एकूण एक फट. जन्मभर लोकांच्या घरी हेच केलं ना त्यांनी. गेल्या सोमवारी मी सुरी घेऊन ते बुजवलेलं खरवडायला गेले, तर बाबा ओरडले, "चाळीस वर्षं घरं ऊबदार ठेवली मी. तू मला खिडकी शिकवतेस?" मी म्हटलं, "मग बसा उबेत." खाली आले ते बोललेच नाही. रात्रीचं जेवणही जिन्यात ठेवलं.

तुम्हाला आमचे ठोके माहीत आहेत. गरम पाण्याचा पाइप माझ्या मशीनमागून त्यांच्या खोलीत जातो. सकाळी ते पान्याने दोन ठोके मारतात, म्हणजे उठलो. मी पळीने दोन मारते, म्हणजे चहा टाकला. मंगळवारी सकाळी त्यांनी मारले. मी उत्तर दिलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा ठोके आले. दोन नाही, चार-पाच. मी पाय बादलीत घालून बसले होते, मशीन बंद होतं. मनात म्हटलं, आता आली का आठवण? बादलीतून पाय काढले, पुसले आणि मशीन चालू केलं. जोरात, ठोके ऐकू येऊ नयेत म्हणून. एक अख्खा पडदा शिवून झाला, वन्सं. मशीन थांबवलं तर वर काहीच नव्हतं. त्या शांततेला घाबरून मी वर धावले.

ते पाइपपाशी पडले होते. अंगाला घाम नाही, हात लावला तर चटका. पाना मुठीतच होता. तोच घेऊन मी काच फोडली. न्हाणीत भिजवलेले पडदे त्यांच्यावर टाकले. बेकरीवाल्याने त्यांना खाली उतरवलं. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. वेळेवर पोचलात." मी मान हलवली. वेळेवर!

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आवाज नाही का दिलात?" बाबा म्हणाले, "दिला की. पण हिचं मशीन आधीपासून चालू होतं. ऐकू कुठून येणार?" माझ्याकडे पाहिलं नाही.

खालचा बारीकसा आवाजही पाइपातून वर जातो, हे मला त्यांनीच कान लावून ऐकवलं होतं, लग्न होऊन आले तेव्हा. मशीन कधी सुरू झालं हे त्यांना माहीत आहे. अजून आम्ही दोघं त्यावर बोललेलो नाही. मिठावर बोलतो.

हे गेले तेव्हा तुम्ही बाबांना न्यायला आला होतात. मीच अडवलं, "मी आहे ना." हे वाचून तुम्ही पुन्हा याल आणि त्यांना घेऊन जाल. तेव्हा "मी आहे ना" म्हणायला मला तोंड नसेल. त्यांचे कपडे इस्त्री करून ठेवले आहेत. पानाही बरोबर ठेवलाय, तो ते मागतीलच.

काल हे पत्र दोनदा फाडलं. तुमचं ते वाक्य खोटेपणाने जवळ ठेवून पुढच्या उकाड्यात त्यांच्या उशाशी बसायचं, हे मला जमणार नाही.

आत्ता आतून पलंगाच्या दांडीवर दोन ठोके आले. बाकीचं राहू द्या. मी उठते.

तुमची,
वहिनी